इस्लामपूरच्या वाटेवर पडलेला दात

इस्लामपूरला उतरायचं माझ्या मनात नव्हतं. माझा नवरा विलास अमरावतीत अभियांत्रिकी शिकवतो. गेल्या, म्हणजे शहाण्णव सालच्या डिसेंबरात त्याला तोंडी परीक्षा घ्यायला सांगलीला बोलावलं होतं. आमच्या पूर्वाला, वय वर्षे बारा, नाताळची सुटी होती. पुण्याच्या दिरांनी आपली गाडी देऊ केली, आणि वाई, सातारा पाहत पाहत सांगली गाठायची असं ठरलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नकाशावरून सांगलीकडे बोट नेता नेता विलास मध्येच थांबला.

“इथेच ना गं तुझी शालन?”

“असेल,” मी म्हटलं.

असेल कसलं! तिचा पत्ता मला पाठ होता. दर दिवाळीला तिचं चार पानी पत्र यायचं, तिच्या दवाखान्यानं आणि पेशंटांनी भरलेलं. ते मी दोनदा वाचायची आणि दोन्ही वेळा माझा दिवस बिघडायचा.

शालन आणि मी नागपूरला दंतवैद्यकी शिकताना चार वर्षं एका वर्गात आणि एका खोलीत होतो. ती वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. पहिल्याच दिवशी सरांनी काही विचारलं तर ती ‘व्हय’ म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग मीच तिला माझ्या वह्या दिल्या, इंग्रजी पुस्तकं फोडून सांगितली. मी वर्गात पहिली यायची, ती कशीबशी पास व्हायची. हे असंच असावं, असं मला किती मनापासून वाटायचं ते तेव्हा कळत नव्हतं. तिची पत्रं यायला लागली तेव्हा कळलं.

वाई

वाईला पोचलो तेव्हा ऊन नुकतं घाटावर उतरत होतं. पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या, आणि कृष्णेला पाणी होतं. पाणी होतं हे मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्याकडे डिसेंबरात नदी म्हणजे वाळू आणि वाळूत खणलेले झरे. इथे धोमच्या धरणातून सोडलेलं पाणी ऐटीत चाललेलं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. पूर्वानं पाय बुडवले. मला त्या नदीचाच राग आला.

घाटावर एक वयस्कर गृहस्थ गोमुखीत हात घालून जप करत बसले होते. आमचे चेहरे परके दिसले असावेत.

“कुठून आलात?”

“अमरावतीहून.”

“अरे वा, बरंच लांबून आलात की. तिकडे पाण्याचे हाल असतात ना फार?” त्यांनी फार मायेनं विचारलं.

“नाही हो, काही हाल नाहीत,” मी म्हटलं. विलास माझ्याकडे बघतच राहिला. आदल्याच आठवड्यात आमच्याकडे तीन दिवस नळ आला नव्हता.

दुपारी एका खानावळीत जेवलो. पानात वांग्याची भाजी, आमटी, भात आणि वर साजूक तूप. आमच्या वऱ्हाडी जिभेला सगळं जरा गोडसर. वाढणाऱ्या बाई पूर्वाच्या पानात तिनं ‘पुरे’ म्हटल्यावरही वाढत होत्या. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो ऐकू जाईल असा मोठ्यानं. इथे न बोलता वाढतात. ही पद्धतही मला आवडली, आणि आवडली म्हणून पुन्हा राग आला.

सातारा

साताऱ्यात आम्ही सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढलो. वरून पाहिलं तर एकीकडे डोंगराच्या कुशीत बसलेलं गाव, दुसरीकडे हिरव्या उसाचे चौकोन पार धुक्यापर्यंत गेलेले. विलास फोटो काढत होता. मी मनातल्या मनात आमच्या कपाशीच्या काळ्या, भेगाळलेल्या रानाशी तुलना करत उभी होते. खाली आल्यावर कंदी पेढे घेतले. पूर्वानं एका दमात चार खाल्ले आणि मी सवयीनं म्हटलं, “चूळ भर.”

तेवढ्या वेळात विलास कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरला होता. बाहेर आला तो हसतच.

“शालनला फोन केला. म्हणाली, भाकरी टाकते, या.”

“मला विचारलं का नाहीस?”

“तुझी मैत्रीण ना ती?”



इस्लामपूर

कऱ्हाड मागे पडलं तसा रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांचा राबता सुरू झाला. कारखान्याचा हंगाम होता. हवेत मळीचा आंबूस वास. नवख्याला तो नकोसा वाटतो, इथल्या लोकांना बहुतेक येतच नाही. इस्लामपूरच्या एसटी स्टँडजवळ विलासनं एका चहावाल्याला शालनच्या दवाखान्याचा पत्ता विचारला. चहावाल्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

“ताईंकडं आलाय व्हय? पावनं का पेशंट?”

“पाहुणे.”

“मग च्या घेतल्याबिगर सोडत न्हाई.” आणि खरंच सोडलं नाही. पैसेही घेतले नाहीत. वर आपलं तोंड उघडून खालची दाढ बोटानं दाखवली. “ही ताईंनी वाचीवली. सातारच्या डाक्टरनं काढाया लावली हुती.”

अमरावतीत माझा दवाखाना आहे. वातानुकूलित, परदेशी बनावटीची खुर्ची असलेला, शहरातला पहिला. तेरा वर्षांत माझ्या कुठल्याही पेशंटनं माझ्या पाहुण्यांना चहा पाजलेला नाही.

शालनचा दवाखाना खताच्या दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांचा. जिना चढताना पायऱ्यापायऱ्यांवर माणसं बसलेली, चपला खाली काढून ठेवलेल्या. आत पायानं दाबून वर-खाली करायची जुनी खुर्ची. बसायची जागा फाटलेली, त्यावर गोधडी. आणि तिच्याशेजारी शालन. केस थोडे पिकलेले, कमरेला पदर खोचलेला. मला बघून तिनं हातातला चिमटा ट्रेमध्ये टाकला, पेशंटला तसंच आ वासून बसवलं आणि धावत येऊन मला मिठी मारली.

“ही बघा,” जिन्याकडे तोंड करून ती ओरडली, “हिनं मला शिकवलं. हिच्या वह्या नसत्या तर मी आज उसाला पाणी पाजत असते!”

जिन्यावरची सगळी माणसं माझ्याकडे बघून हसली. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती हे किती सहज म्हणू शकते, असंच माझ्या मनात आलं. मी तिच्या जागी असते तर हे कुणाला सांगितलं नसतं.

तिच्या घरी जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही, वर शेंगदाण्याची चटणी. पूर्वा तिच्याजवळ जाऊन बसली ती उठलीच नाही. शालननं तिला प्लास्टरचा जबडा हातात दिला आणि कुठला दात कधी येतो ते दाखवलं. घरी मी दाताबद्दल बोलायला लागले की पूर्वा कानांवर हात ठेवते. इथे तिनं तीन प्रश्न विचारले.

“हा जबडा मी संक्रांतीला घेऊन हिंडते,” शालन म्हणाली. “बायका हळदीकुंकवाला जमतात ना, तिथं. पडलं-झडलं, दात निखळला तर काय करायचं ते सांगते. वाण म्हणून वाटी दिली तर फळीवर पडते. हे डोक्यात राहतं.”

“काय भन्नाट कल्पना आहे!” विलास म्हणाला.

मी पाणी प्यायले.

गुऱ्हाळ

दुसऱ्या दिवशी शालन म्हणाली, “चल दवाखान्यात, बस माझ्याबरोबर. जुने दिवस आठवू.” मी डोकं दुखतंय म्हटलं. डोकं दुखत नव्हतं. तो जिना भरून बसलेली माणसं मला पुन्हा पाहायची नव्हती. मग आम्ही तिघं गाडी घेऊन तेरा-चौदा किलोमीटरवरच्या तिच्या भावाच्या गुऱ्हाळावर गेलो.

गुऱ्हाळ पाहावं ते दुपारी. भल्यामोठ्या कढईत रस उकळत होता, वरची मळी काढून टाकत होते, आणि वाफेला असा वास की भूक नसली तरी लागावी. काकवी आम्ही उसाच्या पानावर घेऊन चाटली. गरम गूळ पूर्वानं बोटाला चटका बसेपर्यंत खाल्ला. क्षणभर मी शालनला विसरले.

मग पूर्वा रस्त्यावर गेली. उसानं भरलेल्या गाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या आणि गावातली पोरं मागून ऊस उपसून घेत होती. गाडीवान पुढून ओरडत होते, पण ते ओरडणंही खेळातलंच. पूर्वानं एक ऊस दोन्ही हातांनी धरला. तो निघेना. गाडी पुढे सरकली, तिनं हात सोडले नाहीत, चार पावलं फरफटली आणि तोंडावर आपटली. रस्त्याकडेच्या खडीवर.

मी धावले. तिचं तोंड रक्तानं भरलं होतं. वरचा ओठ फाटला होता आणि पुढचा एक दात जागेवर नव्हता. नुसती रिकामी, लाल खोबण.

माझ्या आयुष्यात मी असे चाळीस-पन्नास दात तरी पाहिले असतील. काय करायचं असतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. दात शोधायचा, पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, माती असली तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं नुसता विसळायचा, आणि लगेच खोबणीत परत बसवायचा. मुळावर जी पातळ त्वचा असते तीच दाताला हाडाशी पुन्हा जोडते. ती खरवडली गेली की संपलं. हे मी परीक्षेत लिहून पहिली आले आहे.

विलासला दात सापडला. माझ्या हातात आला. त्याला माती आणि काकवीचा चिकटा लागला होता. आणि मी काय केलं? पदराचं टोक घेतलं आणि मूळ घासायला लागले. खसाखसा, भांडं घासावं तसं. आई घाण पुसते, तसं मी पुसत होते. डॉक्टर त्या वेळी माझ्यात कुठे होती, मला माहीत नाही.

“आवं बाई, काय करताय? घासू नगा!”

माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेतलेली एक बाई होती, साठीची असेल. भारा तिनं तिथंच टाकला.

“मुळीला बोट लावायचं न्हाई. सोडा, सोडा त्यो पदर. पोरगी किती वर्साची?”

“बारा,” विलास म्हणाला.

“मग पक्का दात हाय. दुधाचा असता तर बशीवायचा नसतो.” ती गुऱ्हाळाकडे वळून ओरडली, “आरं, च्याचं दूध आना रं! बिनसाखरंचं!”

खरं तर तो दात मी तिथल्या तिथे बसवायला हवा होता. विलासनं विचारलंही, “तू बसवतेस का?” मी हात पुढे केला तर बोटं अशी थरथरत होती की दात पुन्हा खडीत पडला असता. त्या बाईनं दुधाचा पेला पुढे केला, मी दात त्यात सोडला. तिनं पूर्वाच्या ओठावर ओला रुमाल दाबून धरायला लावला, दुसऱ्या रुमालाची घडी करून तिला हळूच चावायला दिली, आणि पेला घेऊन आमच्या गाडीत येऊन बसली.

“तुमी पोरीला धरा. ह्यो मी धरते. सांडायचा न्हाई.”

तिचं नाव आक्काताई. वाटेत तिनं एवढंच सांगितलं, “शालनताईंनी सांगितलंया. दोन वर्सं झाली, संक्रांतीला. ध्यानात ऱ्हायलं.”

तेरा किलोमीटरला आम्हाला अर्ध्या तासाहून जास्त लागला. गाड्यांची रांग संपतच नव्हती. विलास हॉर्न वाजवून थकला. दात जितका वेळ बाहेर, तितकी त्याची आशा कमी; मला मिनिटं कळत होती. पूर्वा रडत नव्हती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. पेल्याकडे बघत होती.

शालननं जिन्यावरच आमच्याकडे पाहिलं आणि खुर्चीतल्या माणसाला उठवलं. तिनं पूर्वाला बसवलं, खोबण धुतली, ओठ पाहिला.

“किती वेळ झाला?”

“चाळीस मिनिटं,” विलास म्हणाला.

“दुधात लगेच टाकला?”

“हो,” मी म्हटलं.

“मूळ कुणी घासलं-बिसलं तर नाही ना?”

ती माझ्याकडे पाहत होती. दारात आक्काताई उभी होती, तीही माझ्याकडे पाहत होती. विलास पूर्वाचा हात धरून बसला होता; त्यानं घासताना पाहिलं होतं, पण त्यानं किती बिघडतं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि डॉक्टर मीच होते. जिन्यावरची माणसं आत डोकावत होती. ‘हिनं मला शिकवलं’ असं जिच्याबद्दल शालननं कालच त्यांना सांगितलं होतं, ती मी.

“नाही,” मी म्हटलं. “थेट दुधात.”

आक्काताईनं मान खाली घातली आणि पदरानं हात पुसले.

शालननं बधिरीकरणाचं इंजेक्शन दिलं, दात मिठाच्या निर्जंतुक पाण्यात विसळला आणि बोटाच्या एका सावकाश दाबानं जागेवर बसवला. इतका सावकाश, की पूर्वाला कळलंही नाही. मग आधाराला दोन्ही बाजूंच्या दातांशी बांधायचं होतं. माझ्याकडे असतं तर मी जाड तार घेतली असती. तिनं मासे धरायच्या गळाची नायलॉनची दोरी काढली, उकळून ठेवलेली, आणि दंतलेपाचे थेंब लावून ती दातांच्या पुढच्या बाजूवर चिकटवली.

“दात थोडा हलला पाहिजे,” ती पूर्वाला समजावत होती. “एकदम घट्ट आवळला तर तो हाडालाच चिकटतो. थोडा हलू दिला की नीट रुजतो.”

तिची बोटं मी पाहत होते. ती अजिबात घाई करत नव्हती. परीक्षेत मला तिच्याहून जास्त मार्क पडायचे, पण असा हात माझा कधीच नव्हता. हे मला नागपूरला असतानाच माहीत होतं. मी ते स्वतःला कधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

ओठाला टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. “शाब्बास आक्काताई!” शालन म्हणाली, “तुमच्यामुळं दात वाचला.” जिन्यावरून कुणी तरी टाळ्या वाजवल्या. पूर्वानं उठल्यावर आधी शालनच्या कमरेला मिठी मारली. मी दोन पावलांवर उभी होते.

सांगली

विलासची परीक्षा चुकवता येत नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. शालननं सात दिवस पातळ खाणं सांगितलं होतं. सांगलीत येऊन पूर्वाला भडंग खाता येईना. ती माझ्याकडे बघत ताक प्यायची. आम्ही गणपतीच्या देवळात गेलो, हळदीच्या पेठेतून हिंडलो. पेठेत हवाच पिवळी. लॉजवर येऊन साडी झटकली तर जमिनीवर पिवळा सडा पडला. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसलो. वाईला पाहिलेली तीच नदी, इथे रुंद आणि संथ झालेली. पण मला काही नीट दिसत नव्हतं. शालननं पूर्वाच्या कार्डावर ‘मुळाला इजा नाही’ असं लिहिलं होतं. ते मी पाहिलं होतं.

लॉजच्या जेवणघरात शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसले होते. गळ्यात साखळी, बोलणं मोकळं. पूर्वाच्या ओठाकडे बघून म्हणाले, “पोरगी पडली व्हय?” मग कुठले, काय, विचारपूस झाली. ते विट्याचे. विट्याची माणसं सोनं गाळायची दुकानं घेऊन सगळ्या हिंदुस्थानात पसरली आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. “आमचं दुकान तुमच्या अमरावतीलाच हाय की! सराफ्यात. अकरा वर्सं झाली.”

“अय्या! माझा दवाखाना सराफ्याच्या तोंडाशीच आहे. दातांचा.”

“त्यो काचेच्या दाराचा? रोज त्याच्या म्होरनं जातो!”

“मग आला नाहीत कधी?” मी हसत विचारलं.

ते ओशाळले. “त्याचं काय हाय ताई, दातांचं काही असलं की गावाकडं आल्यावर इस्लामपूरला दाखवतो. वर्साकाठी येनं हुतंच. तोवर काढतो कळ.”

“सहाशे-सातशे किलोमीटर?”

“शालनताईंना सांगितलं की त्या ऐकून घेत्यात,” ते म्हणाले. “मागल्या साली मी सुपारी सोडली म्हनून खोटंच सांगितलं. मग माझं मलाच कसंतरी झालं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन खरं सांगून आलो.”

विलास हसला. मी ताट बाजूला सारलं.

खोलीत आल्यावर मी विलासला सगळं सांगितलं.

“यानं पूर्वाच्या दाताला फरक पडतो?”

“पडतो.”

“मग आपण इथे काय करतोय?” तो म्हणाला. तो चिडला की आवाज खाली आणतो. इतका खाली आलेला आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

पुन्हा इस्लामपूर

परीक्षा संपल्या संपल्या आम्ही परत निघालो. दवाखाना दुपारचा बंद झाला होता, शालन एकटीच अवजारं उकळत होती. मी विलासला आणि पूर्वाला खाली थांबवलं.

“शालन, मी मूळ घासलं होतं. पदरानं. आक्काताईंनी हात धरून थांबवलं.”

तिनं गॅस बंद केला.

“किती?”

“एका बाजूनं. दहा-बारा वेळा.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं, आई होतीस तू. किंवा म्हणेल, मलाही तुझा किती हेवा वाटायचा, तुला काय माहीत. गाडीत मी दोन्हींची तयारी करून आले होते. तिनं यातलं काही म्हटलं नाही. तिचा चेहरा लाल झाला.

“तू डॉक्टर हायेस का कोण?” रागावली की ती गावाकडचं बोलते, हे मी चौदा वर्षांत विसरले होते. “मी तुला तोंडावर विचारलं. का विचारलं? गंमत म्हणून? माहीत असतं तर मी बसवायच्या आधी वेगळा विचार केला असता. आता त्या बाजूनं मूळ झिजायला लागलं तर? पोरगी वाढीला लागलीय, दात हाडाला चिकटून आत राहिला तर? आणि मी कार्डावर लिहून बसलेय, सगळं चांगलं हाय म्हणून!”

“मला लाज वाटली. तुझ्या माणसांसमोर.”

“माझ्या माणसांसमोर?” तिला खरंच कळलं नाही. “ती माणसं काय करणार होती तुला?”

मी रडले. तिनं मला रडू दिलं आणि तेवढ्यात कार्ड काढून जुनी ओळ खोडली, नवीन लिहिली. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, आणि आवाज नेहमीचा झाला. आठ-दहा दिवसांत दोरी काढायची, त्याच्या आत रूट कॅनाल सुरू करायचं, आत औषध भरायचं, तीन-तीन महिन्यांनी एक्स-रेचा फोटो. “हे सगळं तू करायचं. तुझ्याच हातानं. आणि पूर्वाला खरं सांगायचं. मी सांगणार नाही.”

पूर्वाला मी खाली गाडीत सांगितलं. ती ओठ न हलवता बोलायला शिकली होती.

“तुला माहीत नव्हतं, घासायचं नसतं?”

“माहीत होतं.”

“मग?”

“घाबरले.”

“आणि मावशीला खोटं का बोललीस?”

याचं उत्तर बारा वर्षांच्या मुलीला देणं फार कठीण आहे. तरी दिलं. “मावशी माझ्यापेक्षा चांगली आहे असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं. ते मला सहन होत नव्हतं.”

पूर्वानं तोंड खिडकीकडे वळवलं. कऱ्हाड येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. कऱ्हाडला तिनं ताक मागितलं, आणि मी ते आणायला जवळजवळ धावत गेले.

अमरावती

परतून आता साडेतीन महिने झाले. नववा दिवस उजाडला तेव्हा मी माझ्या परदेशी खुर्चीत पूर्वाला बसवून दोरी काढली. रूट कॅनाल त्याच्या आधीच सुरू केलं होतं. हात थरथरले नाहीत, कारण मी घाई केली नाही. कुणाकडे पाहून शिकले ते लिहायला नको.

परवा पहिला फोटो काढला. दात पक्का आहे, पण मुळाच्या एका कडेला लहानसा खोलगा दिसला. मी शालनला फोन लावला. पलीकडे माणसांचा गलका होता, कुणी तरी ‘ताई, माझा नंबर’ म्हणत होतं. माझ्या दवाखान्यात त्या वेळी एकही पेशंट नव्हता. हेवा वाटला. तो जाईल असं मला आता वाटत नाही.

“केवढा आहे?” शालननं विचारलं.

“मोहरीएवढा.”

“कुठल्या बाजूला?”

“जिथे मी घासलं तिथेच.”

“बरं. औषध बदल. तीन महिन्यांनी परत बघू, तो वाढतो का थांबतो.” मग म्हणाली, “पोरीला दे.”

पूर्वानं रिसीव्हर घेतला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती हसत होती, पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. मला तो रिसीव्हर परत हवा होता. मी मागितला नाही.

“हो, सांगितलं आईनं,” पूर्वा म्हणत होती. “हो, खोलग्याचं पण. नाही, रडले नाही.” मग तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

“नाही मावशी,” ती म्हणाली, “आईनंच केलं सगळं. अजिबात दुखलं नाही.”